जुन्या नदीतले मासे

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा दर वर्षी मी विद्यार्थ्यांना म्हैसूरहून नंजनगूडच्या पुढे कपिलेच्या काठी न्यायची. तिथे नदीचं एक जुनं वळण पडून होतं. कधीकाळी एका पुरात नदीने ते वळण तोडून सरळ वाट धरली आणि विळ्याच्या आकाराचं तळं मागे राहिलं. गावात त्याला ‘हळे होळे’, म्हणजे जुनी नदी म्हणत. दर पावसाळ्यात पूर त्यात शिरायचा, गाळ आणि माशांची पिल्लं सोडून ओसरायचा. त्याच्यावर तळं वर्षभर जगायचं.

तळ्यावर एक म्हातारी मासे धरायची. मी तिला अव्वा म्हणत असे. मरळीच्या पिल्लांचा लालसर पुंजका पाण्यावर तरंगतो आणि खाली बाप राखण करतो, हे पुस्तकात वाचलं होतं, दाखवलं तिने. म्हणाली, “टीचर, या बापाला मी कधी धरत नाही.”

मग एका वर्षी पुराचं पाणी गावातल्या घरांत शिरलं, एक भिंत कोसळून दोन लेकरं गेली. सरकारने नदी आणि तळ्याच्या मधे मातीचा उंच बांध घातला. पुढच्या पावसात नदी आत आलीच नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तळ्याचं डबकं झालं होतं. मासे तोंडं वर काढून तडफडत होते. वर घारी फिरत होत्या. अव्वा गुडघाभर चिखलात उभी राहून हातांनी मासे घागरीत भरत होती. मीही साडी खोचून उतरले. तीन दिवस आम्ही घागरी घेऊन बांध चढत होतो आणि पलीकडे नदीत रिकाम्या करत होतो. मरळी तगल्या, त्या हवेवर जगतात. चंदेरी मासे वाटेतच उलटे व्हायचे. घरी नवरा म्हणाला, “अय्यो, सुम्ने, उगाच कशाला जीव काढतेस? नदीने टाकलंय ते.” मी हात धूत राहिले. हाताचा वास साबणाने जात नव्हता.

चौथ्या दिवशी चिखलात हलणारं काही उरलं नाही.

पावसाळ्यात कपिला भरून आली. मी धावत गेले. बांधाच्या एका बाजूला पाणी काठोकाठ, दुसऱ्या बाजूला भेगाळलेला तळ. अव्वा कुदळ घेऊन बांध फोडत होती. वीतभर माती निघालीही होती. तळ्यामागे गावाची घरं दिसत होती, एका अंगणात पोरं खेळत होती.

मी तिचं मनगट धरलं.

“सोड,” ती पहिल्यांदाच एकेरीवर आली. “पाणी द्यायचं नव्हतं तर मासे कशाला उचललेस?”

“अव्वा, लोक मरतील.”

“आणि हे?” तिने कोरड्या तळाकडे हात केला.

मी कुदळ काढून घेतली. तिला ती सोडवत नव्हती. मला जोर लावावा लागला. ती तिथेच बांधावर बसून रडली, आवाज न करता. मी समजुतीचं काहीतरी बोलत राहिले. ती उठून निघून गेली.

कलेक्टर कचेरीत मी अर्ज दिले: बांधात झडप बसवा, थोडं पाणी आत घ्या, घरांना धोका होणार नाही. दोन वर्षं खेपा घातल्या. तोवर तळाच्या गाळात कुणीतरी नाचणी पेरली होती आणि पीक जोमदार आलं होतं. अव्वा त्याच शेतात मजुरीने खुरपायला जायची. मी बांधावरून हाक मारली. तिने मान वर केली, मला ओळखलं आणि पुन्हा खुरपू लागली.