सत्तेचाळीस नंबर गेला कुठे?

आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोडीगुलाबीचं ऐकायचं असेल तर दुसरं कुणीतरी शोधा.

माझी आत्या एका मोठ्या तपासणी लॅबच्या शाखेत काउंटरवर बसते. कुणाच्या अंगातली गाठ काढली, की तिचा तुकडा बाटलीत घालून पेशंट तिच्याकडे आणून देतो. ती बाटलीवर नंबराचं स्टिकर चिकटवते आणि मुख्य लॅबला पाठवते. तिथे पेशंटचं नाव जात नाही, फक्त नंबर जातो. गाठ कुणाची हे तपासणाऱ्याला कळू नये, असा त्यांचा नियम. नियम चांगलाच आहे, पण मग सगळी भिस्त त्या नंबरावर. म्हणून आत्याची एक खोड होती. स्टिकर लावताना शेवटचे दोन आकडे ती समोरच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायची.

"नुसती मान नका डोलवू, तोंडानं बोला!"

रांगेतले लोक हसायचे. बरोबरचे तिला 'हवालदार' म्हणायचे. घरी तरी काय वेगळं? शाळेत असताना माझं दप्तर भरलं, की एकेक पुस्तकाचं नाव तिच्यापुढे घोकल्याशिवाय मला दाराबाहेर पाऊल टाकता यायचं नाही. मला तेव्हा तिचा भयंकर राग यायचा.

तर लॅबनं नववी शाखा काढली आणि आत्याला तिथे धाडलं. सोळा आकडी नंबर. पहिला आकडा शाखेचा, मग तारीख, मग पेशंटचा क्रम. पहिल्याच आठवड्यात दोन बायका लागोपाठ आल्या. एक शिवणकाम करणारी, तिचा नंबर सत्तेचाळीसवर संपणारा. तिच्यामागे एक शाळेतल्या बाई, त्यांचा अठ्ठेचाळीस. दोघींनी आपापला नंबर मोठ्यानं म्हटला. दोघींचे रिपोर्ट चांगले आले. शिवणवाली इतकी खूश झाली, की आत्यासाठी डबा ठेवायची पिशवी शिवून घेऊन आली.

चार महिन्यांनी ती परत आली. गाठ पुन्हा वर आली होती, काखेतही दुसरी लागत होती. डॉक्टरांनी लॅबनं जपून ठेवलेला जुना तुकडा पुन्हा तपासायला लावला. त्यात कॅन्सर होता. आधीपासूनच होता! चार महिने ती बिचारी निर्धास्त मशीन चालवत बसली होती.

आता कुणाच्या तरी माथी मारायला हवं ना? साहेबांनी आत्याला बोलावलं.

"आठ शाखांत एक तक्रार नाही. तुमच्याकडेच कशी येते? तुम्ही स्टिकरं उलटसुलट लावलीत."

"उलटसुलट लावली असती, तर वाईट रिपोर्ट शाळेच्या बाईंना आला असता," आत्या म्हणाली. "त्यांचाही चांगलाच आलाय. मग वाईट रिपोर्ट गेला कुठे?"

"कॉम्प्युटर चुकत नाही, बाई. माणसं चुकतात."

आणि तिला घरी बसवलं. जी बाई स्वयंपाकघरातल्या डब्यांचीसुद्धा हजेरी घेते, तिला निष्काळजी म्हणून! पण ती स्वतःसाठी रडली नाही. भाजी चिरता चिरता एकच घोकत होती, "अगं, तिनं म्हटलं होतं सत्तेचाळीस. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

मी प्रोग्रामर आहे. शिवणवाल्या ताईंकडून रिपोर्ट मागवून घेतला. खाली नंबर छापलेला होता: सोळा आकडी, सुरुवातीला नऊ, शेवटी अठ्ठेचाळीस. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

कॉम्प्युटरला आकडा ठेवायला एक साचा दिलेला असतो. अपूर्णांकही मावावेत म्हणून केलेला साचा घेतला, तर त्यात मोठे आकडेही मावतात, पण एका हद्दीपर्यंतच शेवटच्या आकड्यापर्यंत खरे राहतात. नवावर पंधरा शून्यं, त्याच्या किंचित पुढे ती हद्द संपते. तिथून पुढे विषम आकड्यांना जागाच नसते. कॉम्प्युटर त्यांना मुकाट शेजारच्या सम आकड्यात ढकलतो. तक्रार नाही, लाल दिवा नाही, काही नाही. पहिल्या आठ शाखांचे नंबर हद्दीच्या आत होते. नववी शाखा उघडली, आणि सत्तेचाळीस अठ्ठेचाळीसमध्ये जाऊन बसला. शिवणवालीचा रिपोर्ट आधी नोंदला गेला, शाळेच्या बाईंचा त्याच्यावर चढला, आणि दोघींना तोच एक मिळाला.

आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात हो! त्या नंबरांची ना बेरीज करायची होती, ना भागाकार. नावासारखे जसेच्या तसे ठेवले असते तरी भागलं असतं. पण एवढी अक्कल कुणी चालवली नाही, आणि चालवायला कुणी सांगितलंही नाही.

मी आत्याला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. शिवणवाल्या ताईही आल्या. उपचार सुरू झाले होते, डोक्याला रुमाल बांधलेला. साहेबांनी प्रोग्रामवाल्याला बोलावलं. मी त्याला नंबर टाकायला लावला. त्यानं शेवटी सत्तेचाळीस टाकलं, बटण दाबलं. पडद्यावर अठ्ठेचाळीस.

तो कान खाजवत म्हणाला, "हां, राउंडिंग होतंय. क्वचित होतं असं."

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "पाच नंबरची शाखा बंदच केलीय आपण. तो नंबर नवव्या शाखेला देऊन टाकू. प्रोग्रामचं नंतर बघू. आणि बाई, तुम्ही उद्यापासून कामावर या."

झालं! आग लागली तर घराचा नंबर बदला! मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब शिवणवाल्या ताईंकडे वळले. "वाईट वाटतं हो. पण बघा ना, एवढ्या मोठ्या आकड्यात फरक फक्त एकाचा होता."

"साहेब," त्या म्हणाल्या, "तो एक म्हणजे मी होते."

साहेबांनी गडबडीनं पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. आत्यानं तो उचलून परत साहेबांपुढे ठेवला.

"तुम्हीच प्या. आणि मग यांच्याकडे बघून यांचा नंबर सांगा."

साहेबांनी मान डोलावली.

"मान नका डोलवू," आत्या म्हणाली, "तोंडानं बोला."