मेलेलं काही नाही, ओळख नाही

कुठलाही कॉम्प्युटर उघडण्याआधी ताई खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायच्या. क्षणभर हात तिथेच ठेवायच्या, मग पदराला पुसून स्क्रू-ड्रायव्हर उचलायच्या.

त्यांचं दुकान काळाचौकीतल्या एका चाळीच्या जिन्याखाली होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि ती खिडकी. गिऱ्हाइकाने उभंच राहायचं. गजाला हात लावण्याचं कारण अगदी साधं होतं. अंगात थोडी वीज साठलेली असते, ती लोखंडात उतरवली नाही तर आतला एखादा नाजूक भाग जळू शकतो. ताईंनी हे प्रत्येकाला सांगितलं. पण कारण सांगितल्याने आपल्याकडे कुणाचं समाधान होत नाही. हळूहळू गिऱ्हाइकंही गजाला हात लावू लागली, तो हात कपाळाला लावू लागली, आणि मगच आपलं मशीन टेबलावर ठेवू लागली. एका दसऱ्याला ताईंनी दुकान उघडलं तर गजाला झेंडूचा हार.

"आमच्या आईबापांनी देव सोडले," ताई अशा कडाडल्या की वरच्या मजल्यावरची माणसं खाली डोकावली, "आणि तुम्ही माझ्या गजाला हार घालता? काढा आधी!"

हार निघाला. हात लावणं मात्र कुणी थांबवलं नाही.

ताई संपाआधी आमच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात बदली कामगार होत्या. तुटलेला धागा पकडायचा, गाठ मारायची, पुढच्या बॉबिनकडे जायचं. मी त्याच गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होतो. म्हणजे दारात बसून कोण कधी आलं ते मस्टरमध्ये लिहायचो. एकदा ताईंना तीन मिनिटं उशीर झाला म्हणून मी लेट मार्क दिला होता. मला हे आठवत नाही. मी दिवसाला असे वीस द्यायचो. ताईंना मात्र वार, पाळी आणि माझ्या शर्टाचा रंगसुद्धा आठवत होता, आणि पंचवीस वर्षांनी त्यांनी मला पहिल्या भेटीत तो सांगितला.

संप सुरू झाला, आणि तो कधी संपला हे कुणी जाहीर केलंच नाही. ताई लॅमिंग्टन रोडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात खोक्यांवर लेबलं चिकटवायला लागल्या. तिथल्या शेठला दिसलं की या बाईची बोटं बारीक कामात कधी चुकत नाहीत. त्याने त्यांना मशीन जोडायला बसवलं. पुढे आठ-दहा वर्षांनी त्या स्वतःचं स्टूल घेऊन काळाचौकीला आल्या.

जुन्या मशीनवर चालणारी जुनी सिस्टिम नव्या मशीनवर चढवणं हा त्यांचा हातखंडा. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात विंडोज एक्सपी वापरली असेल त्यांना तो निळा पडदा आठवत असेल. मशीन सुरू होतं, जरा आशा दाखवतं, आणि एकदम निळं पडून पांढऱ्या अक्षरांत काहीतरी शिव्या देतं. लोक ते मशीन मढं आणावं तसं ताईंकडे आणायचे.

ताई पडद्यावरचा आकडा वाचायच्या. "सेव्हन-बी ना? मग रडता कशाला? मेलेलं काही नाही. ओळख नाही."

मग समजावून सांगायच्या. "सिस्टिम जुन्या मुकादमासारखी आहे. मुकादम हुशार आहे, पण गोदामाला नवीन दार बसवलंय. त्याला दार सापडत नाही, म्हणून तो म्हणतो गोदामच नाही. त्याच्या हातात त्या दाराची चिठ्ठी द्यायची. त्या चिठ्ठीला ड्रायव्हर म्हणतात." गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि निघताना पुन्हा गजाला हात लावायचं.

माझं आणि ताईंचं काम पडलं ते मस्टरमुळे. गिरणी बंद पडल्यावर मी टाइम ऑफिसातली जुनी मस्टरं घरी आणून ठेवली होती. का आणली ते मला सांगता येणार नाही. कारकुनाला कागद टाकवत नाही, एवढंच. पुढे गिरणी कामगारांना घरं मिळणार असं निघालं आणि प्रत्येकाला आपण गिरणीत होतो याचा पुरावा लागू लागला. तेव्हा लालबागच्या आमच्या कामगार समितीच्या खोलीत बसून मी ती सगळी मस्टरं कॉम्प्युटरवर उतरवली. नाव, खातं, तिकीट नंबर, लागल्याची तारीख. अनेक वर्षं गेली त्यात. मूळ मस्टरं तोवर वाळवीने वाचून संपवली. ज्या पोराने त्यासाठी प्रोग्रॅम लिहून दिला तो गल्फला गेला आणि प्रोग्रॅमची सीडी बरोबर घेऊन गेला. बॅकअप होता. मी तो त्याच कॉम्प्युटरमध्ये 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात ठेवला होता.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. सोमवारी सकाळी कॉम्प्युटर ठप्प झाला. मदरबोर्ड जळला होता.

आमच्या नगरसेवकांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी मंगळवारी नवा कॉम्प्युटर भेट दिला. भेट दिला म्हणजे काय, खोलीबाहेर मंडप घातला. फीत कापली. नारळ थेट मशीनवर फुटायचा तो मी हात आडवा घालून फरशीवर फोडवला. मशीनच्या पुढच्या बाजूला 'यांच्या सौजन्याने' असा मोठा स्टिकर होता, इतका मोठा की सुरू करायचं बटण त्याखाली गेलं होतं. ते शोधण्यात दहा मिनिटं गेली. भाषण मात्र वेळेवर सुरू झालं.

नगरसेवकांबरोबर टाय लावलेला एक इंजिनियर होता. त्याने जुनी डिस्क हातात घेऊन बघितली. "काका, हा केबलचा प्रकार नवीन बोर्डाला लागतच नाही. आणि लागला तरी ही सिस्टिम त्यावर चालणार नाही. फेकून द्या. नवीन सिस्टिम टाकतो, नवीन प्रोग्रॅम बनवून घ्या."

"शुक्रवारपर्यंत?"

"तीन महिने लागतील," तो म्हणाला आणि जिलबी घ्यायला गेला.

कोपऱ्यात शिवडीच्या काकू बसल्या होत्या. त्याही वाइंडिंगमधल्याच. त्यांचे कागद घर बदलताना हरवले होते, तिकीट नंबर त्यांना आठवत नव्हता. यादीतून नंबर काढून देतो असं मी त्यांना शनिवारी सांगितलं होतं. सोमवारपासून त्या प्लास्टिकच्या पिशवीत फोटो आणि रेशनकार्ड घेऊन रोज सकाळी यायच्या आणि संध्याकाळपर्यंत बसायच्या. काही विचारायच्या नाहीत. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी डिस्क रुमालात गुंडाळली आणि काळाचौकीला गेलो.

"टाइमकीपर," ताई म्हणाल्या, "किती वाजता आलात लिहून घेऊ का?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी गजाला हात लावला आणि डिस्क उलटसुलट पाहिली. "मूळ डिस्कला मी काही करणार नाही. आधी नव्या केबलच्या डिस्कवर हिची नक्कल काढते. पुढे काय प्रयोग करायचे ते नकलेवर." बुधवारी सकाळी त्या स्टिकरवाल्या मशीनसमोर येऊन बसल्या. नक्कल लावली. मशीन सुरू केलं. निळा पडदा.

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"गं बाई, सेव्हन-बी आहे," ताई त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या. "तुझा नंबर आत आहे. मुकादम दारात उभा आहे फक्त."

आता त्या दाराची नेमकी चिठ्ठी हवी होती. एकाच कंपनीची पाच-सहा दारं सारखी दिसतात, चिठ्ठ्या वेगवेगळ्या. कुठली आपली ते बोर्डावरच्या चिपच्या लांबलचक नंबरावरून कळतं. तो नंबर पडद्यावर बारीक अक्षरांत आला. ताईंचा चष्मा दुकानात राहिला होता.

"टाइमकीपर, नंबर उतरवा."

मी उतरवला आणि वाचून दाखवला. ताईंनी त्यावरून ड्रायव्हर शोधला, एक्सपीच्या सीडीत तो मिसळून नवी सीडी बनवली आणि मशीनला दिली. निळा पडदा. दुसरी बनवली. निळा पडदा. गुरुवारी दुपारी तिसरीही निळी पडली तेव्हा मी खुर्चीत बसून मनातल्या मनात समितीच्या लोकांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवू लागलो. चांगली जुळत होती. कारकुनाला नकाराची वाक्यं लवकर सुचतात.

ताई मात्र त्या फसलेल्या सीडीवर चहाचा ग्लास ठेवून शांतपणे चहा पीत होत्या. मग म्हणाल्या, "तो कागद बघू तुमचा." आज चष्मा होता. त्यांनी कागद पाहिला, पडद्यावरचा नंबर पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

"हे काय लिहिलंय?"

"नंबर."

"एवढासा?"

नंबर खरोखर लांब होता. मी त्यातले शेवटचे चार आकडे लिहिले होते. टाइम ऑफिसात आम्ही तिकीट नंबराचे शेवटचे चार आकडेच लिहायचो, आधीचं खातं सगळ्यांना ठाऊकच असायचं. वीस वर्षांची सवय. माझ्या हाताने मला न विचारता तेच केलं होतं. चिपची खरी ओळख त्या नंबराच्या मधल्या भागात होती, आणि ती मी शिस्तीत गाळली होती.

ताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आंधळेपणाने विश्वास ठेवला! म्हटलं टाइमकीपरने लिहिलंय, चूक कशी असेल! अगं," त्या काकूंना म्हणाल्या, "यांनी आपल्याला सगळ्यांना असंच लिहिलं असणार. शेपूट तेवढं, बाई गायब!"

काकू चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मीही हसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

चौथी सीडी बनली. या वेळी नंबर काकूंनी मोठ्याने वाचला आणि मी अक्षर न गाळता लिहिला. मशीन सुरू झालं. निळा पडदा आला, पण तो वेगळा निळा, शांत. सीडीने डिस्क ओळखली होती. खाली एक ओळ आली, दुरुस्ती करायची असेल तर अमुक बटण दाबा. मी बोट पुढे केलं.

ताईंनी माझ्या मनगटावर चापट मारली. "ते नाही! पहिल्या पडद्यावरची दुरुस्ती खोटी असते. पुढे जायचं, अटी मान्य करायच्या, मग जुनी सिस्टिम त्याला दिसते, तेव्हा दुसऱ्यांदा विचारतो. ती खरी."

"असं का?"

"सरकारी ऑफिसात ज्या खिडकीवर 'चौकशी' लिहिलेलं असतं, तिथे कधी चौकशी झालीय का?"

पाऊण तास मशीन स्वतःशी काहीतरी करत राहिलं. मग पडदा काळा झाला, आणि हळूहळू त्यावर माझा जुना ओळखीचा डेस्कटॉप उगवला. माझ्या नातीचा फोटो, 'बॅकअप' नावाचं ते निर्लज्ज फोल्डर, आणि प्रोग्रॅमचं चिन्ह. मी त्यावर दोनदा टिचकी मारली. यादी उघडली.

"वाइंडिंग," ताई म्हणाल्या. "आधी हिचं."

काकूंचं नाव निघालं. खातं, तारीख, तिकीट नंबर, पूर्ण. काकूंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवलं. प्रिंटर सुरू झाला तरी त्या बोट काढीनात. "अगं, कागदावर येतंय ते, तिथून पुसून जाणार नाही," ताई म्हणाल्या, पण हळू आवाजात. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

शुक्रवारी मुदत संपायच्या आत सगळ्यांचे अर्ज गेले. नगरसेवकांनी त्यांच्या संगणकामुळे हे शक्य झालं असा फलक चौकात लावला. ताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "बटण सापडलं का त्यांना?"

सोडत लागून घरं हातात पडायला आणखी काही वर्षं गेली. ताईंना गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बावीस मजली इमारतीत तिसरा मजला लागला. काकूंनाही त्याच इमारतीत. दुकान तरी ताईंनी सोडलं नाही, रोज सकाळी चालत काळाचौकीला जायच्या.

ताई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. जिन्याखाली हल्ली मोबाईलची कव्हरं मिळतात.

मला त्या आठवतात त्या चाव्या वाटपाच्या दिवशीच्या. खाली मंडपात मंत्र्यांचं भाषण चालू होतं, कर्ण्यांचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. चावी मिळताच ताई सरळ वर गेल्या होत्या. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्या दिसल्या. आम्हाला हाक मारत असाव्यात, पण काही पोचेना. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि बोटं भराभर हलवली. एकदा ओठांपाशी, एकदा तळहातावर, एकदा हवेत वर चढत जाणारी.

माझ्या शेजारी काकू होत्या. त्यांनी लगेच हात वर करून तशीच बोटं हलवली. खात्यात मशीनच्या आवाजात बायका अशाच बोलायच्या, पाळीभर. मी वीस वर्षं त्या गिरणीच्या दारात बसलो, आणि आत एवढं बोलणं चालू होतं हे मला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणतात?" मी काकूंच्या कानाशी ओरडलो.

"चहा टाकलाय म्हणते. लिफ्ट बंद आहे, जिन्याने या."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"तुम्हाला साखर कमी," काकू म्हणाल्या आणि माझा दंड धरून मला मंडपातून बाहेर काढलं. वर गॅलरीत ताई कठड्यावर वाकून आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांची बोटं अजून काहीतरी सांगत होती.