दारामागचे तीन कोट

संपतरावांना मी कितपत ओळखत होतो, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर 'फारसं नाही' असंच द्यावं लागेल. पुण्याच्या लष्कर भागातल्या एका जुन्या क्लबात आम्ही तीस वर्षं नोकरी केली. मी ऑफिसात टायपिंगला, ते डायनिंग हॉलच्या दारावर. मध्ये एक व्हरांडा. रोज नमस्कार व्हायचा, दिवाळीला मिठाईच्या पुड्याची देवघेव व्हायची, आणि तेवढंच. त्यांना चहात साखर किती लागते हेही मला माहीत नव्हतं. पुढे लिहिलं आहे त्यातलं थोडं त्यांनी सांगितलं, थोडं त्यांच्या मुलीनं, शालूनं, ते गेल्यावर सांगितलं. मधल्या जागा मी अंदाजानं भरल्या आहेत. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा चूक असेल तर ती माझी.

संपतराव खराडीचे. आज तिथे काचेच्या इमारती आहेत, तेव्हा ज्वारी होती. वडील गेनबा. थोडी शेती, दोन म्हशी, आणि पंचक्रोशीत फेटा बांधावा तर गेनबांनी, अशी ख्याती. लग्नसराईत नवरदेव त्यांच्यापुढे मान वाकवून बसायचे.

क्लबाचा नियम असा, की संध्याकाळी सातनंतर डायनिंग हॉलमध्ये पुरुषांनी कोट, टाय आणि बूट घालूनच यायचं. धोतर, पायजमा, चप्पल, डोक्याला काही बांधलेलं, यातलं काही चालत नसे. गोरे जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, नियम मात्र इथेच राहिला होता. गंमत म्हणजे तो नियम राखणाऱ्या माणसाच्या डोक्याला क्लबानं फेटा दिलेला होता. पांढरा अंगरखा, हिरवा कमरपट्टा आणि कडक तुऱ्याचा फेटा. तो फेटा संपतराव स्वतः बांधायचे. शिकलेले अर्थात वडिलांकडून.

दारामागे एक कपाट होतं. त्यात तीन मापांचे तीन काळे कोट आणि चार टाय. एखाद्या मेंबरचा पाहुणा कोट न घालता आला तर त्याला तात्पुरता द्यायचा. कोणाला द्यायचा आणि कोणाला 'मापाचा नाही' म्हणायचं, हे संपतराव ठरवत. एवढी सत्ता त्यांच्या हातात होती आणि ती त्यांना आवडत असे. सदाशिव पेठेतले एक वकील एकदा पगडी घालून आले. संपतरावांनी अडवल्यावर ते म्हणाले, "आणि तुमच्या डोक्यावर काय आहे, टोपलं?" संपतराव शांतपणे म्हणाले, "मी जेवायला बसत नाही, साहेब." वकील परत गेले. ही गोष्ट क्लबात बरीच वर्षं सांगितली जायची.

त्र्याहत्तर सालच्या ऑगस्टमधल्या पावसात आप्पासाहेब नावाच्या एका मेंबरांची मोटार नगर रस्त्यावरून खाली घसरून चिखलात रुतली. गेनबांनी बैल जुंपून ती बाहेर काढली आणि आप्पासाहेबांना सपत्नीक घरी नेऊन दूध-भाकरी खाऊ घातली. आप्पासाहेब मोठ्या मनाचे होते. बोलता बोलता गेनबांचा मुलगा क्लबातच असतो हे कळलं, तेव्हा ते म्हणाले, मग शनिवारी तुम्ही माझ्याकडे जेवायला, तिथेच. मुलगा कोणत्या कामावर आहे ते गेनबांनी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही नीट ठाऊक नसावं. आणि संपतरावांना तर यातलं काहीच कळलं नव्हतं.

शनिवारी साडेसातला गेनबा दाराशी आले. परीटघडीचं धोतर, नवी पैरण, डोक्याला गुलाबी फेटा. मुलाला त्या पोशाखात उभा पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पुढे होऊन त्याचा तुरा सारखा केला. मग म्हणाले, "आप्पासाहेबांनी बोलावलंय. आत हायेत न्हवं?"

संपतरावांनी आत पाहिलं. आप्पासाहेब खिडकीजवळच्या टेबलावर होते, दाराकडे पाठ करून. शेजारच्या टेबलावर एक कर्नल आणि त्याची बायको काट्यानं मासा सोडवत बसली होती. आपले वडील तिथे बसून पाचही बोटांनी भात कालवतील, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. ते हळूच म्हणाले, "धोतर चालत नाही इथं. नियम आहे."

गेनबांची नजर उघड्या कपाटाकडे गेली. "मग त्यातला येक कोट दे की. वरनं घालतो."

"ते मेंबरांच्या पाहुण्यांसाठी आहेत."

"मी पाव्हणाच हाय की."

संपतरावांनी कपाटाचं दार लावून घेतलं. तेवढ्यात एक दुसरे मेंबर जिन्यावरून आले आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "कोण आहे रे हा?"

"कोणी नाही, साहेब. दूधवाला आहे."

ते मेंबर थांबले, कारण त्यांना दुधाबद्दल काही तक्रार करायची होती. गेनबांनी एकवार मुलाकडे पाहिलं आणि हात जोडून त्या साहेबांना म्हणाले, "व्हय जी. दुधाचंच इचारायला आलो हुतो." साहेबांनी त्यांना दूध पातळ असल्याबद्दल पाच मिनिटं झापलं. गेनबा मान हलवत राहिले. मग मागल्या जिन्यानं उतरले आणि येरवड्यावरून चालत खराडीला गेले.

आत आप्पासाहेबांनी पाऊण तास वाट पाहिली. संपतरावांना बोलावून विचारलं, एक खेडूत गृहस्थ आले होते का? संपतराव म्हणाले, कोणी आलं नाही. आप्पासाहेबांनी सूप मागवलं आणि म्हणाले, या लोकांना वेळेचं भान नसतं, पण माणूस छान होता.

गेनबा यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर संपतरावांना पाया पडून मोकळं होता आलं असतं. त्यांनी फक्त एक केलं. त्या दिवसापासून ते मुलाला 'साहेब' म्हणू लागले. संपतराव घरी आले की गेनबा सुनेला सांगायचे, "साहेब आल्यात. पाट मांडा." जेवायला बसण्याआधी दाराशी थांबून विचारायचे, "साहेब, चालंल का असं? का परत जाऊ?" सून हसायची, तिला वाटायचं म्हातारा गमत्या आहे. हे दोन वेळा, रोज, अकरा वर्षं चाललं. शेवटच्या आजारात शुद्ध जात-येत होती. संपतराव उशाशी बसले, तर गेनबा सुनेला म्हणाले, "धोतर सारकं कर गं. साहेब आल्यात." त्यानंतर ते बोलले नाहीत.

असं सोसलेला माणूस मऊ होईल, असं आपल्याला वाटतं. संपतराव उलट कडक झाले. पूर्वी ज्याला कोट मिळे त्याला मिळेनासा झाला. एका प्राध्यापकाला झब्ब्यावरून परत पाठवलं, एका मेंबरच्या जावयाला सँडलवरून. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस जात्याच दगड आहे. आता वाटतं, त्यांना तो नियम लोखंडासारखा पक्का हवा होता. नियम सगळ्यांनाच सारखा असला, तर त्या शनिवारी त्यांनी जे केलं ते नियमानं केलं, संपतनं नाही. या एका आधारावर ते उभे होते.

ते निवृत्त झाले आणि पुढे चार-पाच वर्षांत क्लबानं तो नियमच काढून टाकला. कपाट मोडीत गेलं. त्यातला मधल्या मापाचा कोट संपतरावांनी मागून घेतला. घरी तो डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता.

शालू खराडीतल्याच एका कंपनीत लागली. ऑफिसच्या नवव्या मजल्यावरून पूर्वीची त्यांची विहीर कुठे होती ते दाखवता येतं, असं ती म्हणायची. तिचा नवरा श्रीधर, तोही तिथलाच. दोघांनी बोटीच्या सफरीचं ठरवलं, मुंबईहून कोचीनला आणि पुढे मालदीवला, आणि बाबांनाही न्यायचं ठरवलं. सूचनांचा कागद वाचताना शालू म्हणाली, दुसऱ्या दिवशी फॉर्मल डिनर आहे, पुरुषांना सूट लागेल.

संपतराव खुर्चीतून उठले. सात-आठ वर्षं लेक-जावयाच्या त्या घरात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. आता ते रोज संध्याकाळी जावयाला टायची गाठ शिकवू लागले. बुटांना पॉलिश कसं करायचं, कोटाचं खालचं बटण का लावायचं नसतं, रुमाल किती दिसावा, सगळं. श्रीधर ऐकून घ्यायचा आणि बायकोकडे बघून डोळे फिरवायचा. संपतरावांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण जगात कुठेतरी तो नियम अजून जिवंत आहे, पाण्यावर का होईना, याचा आनंद त्यांना पुरत होता. आणि आपण आयुष्यात पहिल्यांदा दाराच्या आतल्या बाजूला बसणार आहोत, हाही.

शालूनं कागदावरची पुढची ओळ वाचून दाखवली नव्हती. सूट किंवा आपापल्या देशाचा पोशाख, असं तिथे लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणघराच्या दाराशी रांग लागली. संपतराव क्लबातल्या त्या काळ्या कोटात, ताठ. त्यांच्यापुढे जुन्नरकडचं एक कुटुंब होतं, आणि त्यांच्यात एक म्हातारा, धोतर, पैरण आणि फेटा घातलेला. फेटा उत्तम बांधलेला होता. दारावरचा परदेशी माणूस हसून त्यांना आत घेणार, तोच संपतराव रांगेतून पुढे झाले आणि त्यांनी दारावर हात आडवा धरला.

"धोतर चालत नाही."

म्हातारा लगेच थांबला. रागावला नाही, काही नाही. नातवाकडे वळून म्हणाला, "आरं, न्हाई चालत म्हंत्यात. तुमी जावा. मी खोलीवर भाकरी खातो." आणि खरोखरच मागे फिरला.

नातू मात्र पुण्यात शिकलेला होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही बोट विकत घेतलीय का?" रांगेतले लोक हसले. संपतरावांनी हात काढला नाही. शालूचं म्हणणं, त्यांना ऐकूच येत नव्हतं. दारावरच्या माणसानं त्यांच्यापुढे सूचनांचा कागद धरून ती ओळ बोटानं दाखवली. मग म्हाताऱ्याच्या मागे जाऊन त्याला कोपराला धरून आणलं, नमस्कार केला, नेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. त्याला काटा-चमचा दिला तसं हात धुवायला वाटीत कोमट पाणीही आणून दिलं.

शालू तेव्हा बोलली, सगळ्यांदेखत. "बाबा, हात खाली घ्या. तुम्ही इथे नोकरीला नाही."

संपतराव आत गेले नाहीत. वरच्या डेकवर उघड्यावर जेवण असतं, तिथे पोशाखाचं काही नसतं, लोक चड्ड्यांवर बसलेले असतात. ते तिथे जाऊन उभे राहिले. काळा कोट पाहून एकानं सांगितलं, दोन पाणी आणा. त्यांनी आणलं. मग दुसऱ्या टेबलानं सांगितलं. शालू तासाभरानं शोधत आली तेव्हा ते एका बाईंच्या खरकट्या बश्या उचलत होते. मुंबई येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही.

घरी आल्यावर ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाऊ लागली. श्रीधर बनियन आणि अर्ध्या चड्डीवर जेवायला यायचा आणि दाराशी थांबून विचारायचा, "बाबा, चालेल ना असं? की परत जाऊ?" सगळे हसायचे. श्रीधरनं गेनबांना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांचं बोलणं त्याला माहीत असायचं कारण नाही. संपतरावही हसायचे. मग पुढ्यातलं अर्धं ताट तसंच ठेवायचे.

पुढच्या महिन्यात ते माझ्याकडे आले. कसबा पेठेतलं माझं घर त्यांना कसं सापडलं कोण जाणे, इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आले होते. पाण्याचा पेला हातात धरून त्यांनी वडिलांच्या त्या शनिवारचं सगळं सांगितलं. मग विचारलं, "अनंतराव, देशी पोशाख चालेल असं एक सर्क्युलर क्लबानं काढलं होतं. टाइप तुम्हीच केलं होतं. ते त्या शनिवारच्या नंतरचं ना?"

ते सर्क्युलर मला चांगलं आठवत होतं. तसं काही मी जन्मात दुसरं टाइप केलं नव्हतं, म्हणून आठवत होतं. देशी पोशाख नीटनेटका असल्यास प्रवेश द्यावा, असा मजकूर होता. पुढे ते कोणी पाळलं नाही, फायलीतच पडून राहिलं. 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तेवढं कोणीही म्हणू देतं. पण कागदाच्या बाबतीत खोटं बोलायची मला सवय नाही, आणि त्या वेळी तेच मला सद्गुण वाटलं.

"आधीचं," मी म्हणालो. "त्याच सालच्या जूनमधलं. तुम्हाला मिळालं होतं. टपालवहीत सही आहे तुमची."

त्यांनी मान हलवली, पाच मिनिटं दुधाबद्दल ऐकून घेणाऱ्या माणसानं हलवावी तशी. पेला खाली ठेवला. मी चहाचं विचारलं, ते नको म्हणाले, बस मिळायला हवी म्हणाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते वारले. त्या दिवशी माझ्याकडून निघताना ते दारापर्यंत गेले आणि खाली पाहत थांबले. मला वाटलं, त्या शनिवारचंच आणखी काही विचारतील.

"माझ्या चपला इथेच होत्या ना?"

"त्या काय, कोपऱ्यात."