केळ्यांवर पेटलेली शेगडी

हट्टा गावच्या मंजुळाबाईंची म्हैस म्हातारी होऊन गेली आणि परसातला गोबर गॅसही थांबला. शेणच नाही तर गॅस कुठून येणार? हौदावरची लोखंडी टाकी आधी सकाळ झाली की गॅसनं वर उचललेली असायची. आता ती खाली बसली. मंजुळाबाई पुन्हा चुलीवर स्वयंपाक करू लागल्या. दुपारी मात्र टाकीपाशी जाऊन बसायच्या. उन्हात डोळे मिटले की म्हैस पलीकडं रवंथ करत असल्यासारखं वाटायचं.

नवरा शेषराव वसमतला केळी पिकवायच्या वखारीत कामाला. एकदा त्यांनी शेजारच्या भिकाबाईच्या बैलांसाठी सडक्या केळ्यांचं पोतं आणलं. मंजुळाबाईंनी त्यातली बरीचशी पाण्यात कुस्करली आणि हौदात सोडली.

"हे काय करून राहिलीस?"

"तिला भूक लागली असंल."

"कोनाला?"

मंजुळाबाईंनी टाकीकडं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी शेषराव आणखी एक पोतं घेऊन आले.

थोड्याच दिवसांत टाकी वर आली. मंजुळाबाईंनी हरखून काडी ओढली, पण शेगडी काही पेटेना. नुसता आंबट वास सुटला. त्या तिथंच भिंतीला टेकून बसल्या.

भिकाबाईनं वास घेतला. "अजीर्ण झालं म्हना की. लेकराचं पोट बिघडलं तर काय करता? खायला बंद."

तिनं बैलांच्या शेणाची पाटी आणून दिली. मंजुळाबाईंनी ते कालवून ओतलं आणि केळी बंद केली. मग वाट पाहणं. रोज टाकीला कान लावायच्या. आत कुठंतरी खोल बुडबुड व्हायची, आणि ती ऐकता ऐकता परस, लिंब, सगळंच हळूहळू विरून जायचं.

एका सकाळी काडी लावली तर शेगडीनं भक्कन धरलं. दारातून येणाऱ्या उन्हात जाळ दिसेना. मंजुळाबाईंनी वरून हात धरून पाहिला, तेव्हा ऊब लागली. हात त्यांनी बराच वेळ तसाच धरला.

शेषराव जेवायला बसले तेव्हा ताटात गरम पिठलं होतं.

"उद्या केळी किती आनू?"

"लई नगं. थोडं थोडं द्यावं लागतं तिला."

त्यांचं जेवण होईपर्यंत मंजुळाबाईंचा बसल्या जागीच डोळा लागला. शेषरावांनी ताट उचललं, आवाज न करता धुतलं आणि उंबऱ्यावर बसून राहिले.