आठ दिवसांत केस

बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी ताईचे केस मुठीमुठीनं गळायला लागले. ती तेव्हा पासलीला माहेरीच होती. वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर होतं असं. सहा-आठ महिने धीर धरा, येतात परत." पण तिच्या दिराचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि नणंद फोनवर हसत 'टकली' म्हणाली होती.

वेल्ह्याच्या बाजारात एक जण टेम्पोला भोंगा लावून तेल विकायचा. आठ दिवसांत केस! मी ताईला म्हणालो, "आठ दिवसांत तर मेथीबी नीट येत न्हाई."

"तुझ्या डोक्यावर रान हाय. तुला काय कळणार?" ती म्हणाली.

शेवटी मीच बाटली आणून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची किंकाळी ऐकून मी गोठ्यातून धावलो. टाळू लालभडक झालेली, फोड फुटून पाणी गळत होतं. फणीला केसांबरोबर कातडी चिकटली होती.

पुढच्या बाजाराला टेम्पो तिथंच उभा होता. मी त्याला कॉलर धरून खाली ओढला, बाटली त्याच्या डोक्यावर ओतली. "लाव! तुझ्या डोक्याला लाव आधी!"

"दादा, मी फक्त इकतो वो, बाटल्या भरूनच येत्यात!"

मी ऐकलं नाही. नाकाचं हाड मोडल्याचं मुठीला कळलं, तरी हात थांबेना. मग गर्दीनंही हात धुऊन घेतले. ज्यांनी थेंबभर तेल घेतलं नव्हतं, तेही लाथा घालत होते. एक जण एका हातानं मोबाईलवर शूटिंग करत होता आणि दुसऱ्यानं मारत होता. शेवटी एका भाजीवाल्या म्हातारीनं माझ्या दंडाला लोंबकळून आरडाओरडा केला, "आरं, मरंल त्यो!" तेव्हा मी थांबलो. तो रांगत टेम्पोखाली गेला आणि तिथंच रक्त थुंकत पडला.

घरी आलो तेव्हा शर्टभर रक्त होतं. मी छाती फुगवून सगळं सांगितलं. ताईनं बाळाला माझ्यापासून लांब, दुसऱ्या कुशीत घेतलं.

"आणि बाटली कुणी आणली व्हती?" तिनं विचारलं.



लग्नाला ती पदर घट्ट लपेटून गेली. पुढं आठव्या महिन्यात केस आले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसेच. भाजलेल्या दोन जागा मात्र तशाच राहिल्या. तिथं आता ती भांग पाडत नाही.