सोळा तासांचं अंतर

माझा भाऊ अण्णा टोरांटोला निघाला तेव्हा आईनं एकच विचारलं, "तिथनं यायला किती वेळ लागतोय रं?" त्यानं मोबाईलवर शोधून दाखवलं: टोरांटो ते बेळगाव, विमानानं सोळा तास. तो आकडा आईला फार आवडला. गल्लीत कुणीही चौकशी केली की सांगायची, "सोळा तास. आज जेवून निघाला की उद्या दिवस मावळायच्या आत ताटावर." आम्ही निपाणीकडचे जैन. दिवस मावळल्यावर आमच्या घरात चूल पेटत नाही, कुणी पाणीही पीत नाही, म्हणून तिचं सगळं गणित सूर्यावरच चालायचं.

असं थेट विमानच नाही, हे सांगून मी थकले. मध्ये दोनदा उतरायचं, ताटकळत बसायचं, मग बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निपाणीपर्यंत गाडी. ती म्हणायची, "तू गप गं. माझा ल्योक जवळ असलेला तुला बघवत न्हाय."

आईनं अंथरूण धरलं तेव्हाही तेच. "त्याला आत्ताच कशाला घाबरवतासा? सोळा तासांवर तर हाय." एका पहाटे ती गेली.

मी अण्णाला फोन केला. तो म्हणाला, "मी निघतोय. आईला ठेवा. मला तिचं तोंड बघायचंय."

कसाही निघाला तरी तो परवा पोचणार होता. चुलतभावानं बर्फाची पेटी आणायला गाडी काढली. पण आप्पा, आमचे वडील, म्हणाले, "न्हाय." मी त्यांच्या पाया पडले. अगदी खरोखरच पडले.

आमच्यात देह ठेवत नाहीत. ठेवला तर त्यात बारीक जीव उपजतात, असं मानतात. "जन्मभर पाणी गाळून प्याली ती," आप्पा म्हणाले, "जीव मरू नयेत म्हणून. आता तिच्याच अंगात जीव पडू द्यायचे, आणि मग जाळायचे व्हय?"

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं म्हणणं आईलाही पटलं असतं हे कळत होतं म्हणून जास्तच आला. चितेला अग्नी दिला तेव्हा अण्णाचं विमान सुटलंही नव्हतं. मी त्याला कळवलं. तरी तो निघाला.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा उन्हं कलली होती. उंबऱ्यातच म्हणाला, "दोन दिवस, आप्पा. दोन दिवस थांबायचं हुतं की हो."

आप्पा स्वयंपाकघरात गेले. कळशीच्या तोंडावर आईचं पाणी गाळायचं फडकं दुहेरी करून धरलं आणि वरून पाणी ओतलं. हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. निम्मं पाणी जमिनीवर गेलं. मग आई करायची तसंच ते फडकं उलटं करून घरामागच्या परड्यातल्या विहिरीच्या पाण्यात खळबळून आणलं, त्याला चिकटलेले जीव परत पाण्यात जावेत म्हणून.

तांब्या भरून त्यांनी अण्णापुढं धरला. "पी, बाळा. दिवस मावळायला आलाय. ती असती तर आधी पाणीच दिलं असतं."

अण्णानं तांब्या दोन्ही हातांनी धरला. रडत होता. मग दिवस मावळायच्या आत तो ते पाणी प्याला.