व्हॉल्वचा दांडा

आमच्या आत्याला नमतं घेणं कधी जमलं नाही, आणि जमलं नाही तेच बरं झालं. बाबांच्या सरबताच्या कारखान्यात पाकाची नळी तिच्या ताब्यात होती. शिकून इंजिनियर झालेली, पण नातेवाइकांच्या लेखी ‘भावाकडे बसलेली बहीण’. ती म्हणायची, बसायला खुर्ची तरी द्या.

एका सकाळी बदामाचा पाक संपला आणि त्याच नळीतून लिंबाचा सोडायचा होता. एरवी मध्ये कढत पाण्याने नळी धुतात. नेमका बॉयलर बंद पडला आणि दारात ट्रक येऊन उभा. नळीत उरलेला बदाम बाहेर काढायला बाबांनी नवा पाकच मागून ढकलायला लावला. सरासरी वेग काढला, नळीच्या लांबीला त्याने भागलं, वर तेवढाच वेळ आणखी दिला आणि म्हणाले, लावा बाटल्या. तोंडाशी पाक पिवळाच दिसत होता. बाटल्यांवर ‘बदाम नाही’ असं ठळक छापलेलं. ज्यांना बदाम बाधतो ते हेच वाचून सरबत घेतात.

आत्याने पेलाभर पाक काढला, व्हॉल्व बंद केला आणि त्याचा दांडा काढून कमरेला खोचला.

तिचं म्हणणं साधं होतं. घट्ट पाक खळबळ न करता थराथराने सरकतो. मधोमधचा सरासरीच्या दुप्पट वेगाने पुढे पळतो, कडेचा रेंगाळतो, भिंतीला टेकलेला तर जागचा हलत नाही. म्हणजे सरासरीच्या हिशोबाने नळी धुतली गेली तरी कडेचा बदाम अजून येतच राहणार. बाबांचं डोकं फिरलं. दांडा दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी सगळ्या कामगारांदेखत सुनावलं. सख्ख्या बहिणीला!

आत्याने पेल्यात पाणी घालून ढवळलं आणि तो त्यांच्यासमोर धरला.

“दादा, हे घरी ने. नातीला पाज. मग दांडा देते.”

ती नात म्हणजे माझी मुलगी. बदामाचा कण पोटात गेला तरी तिचा श्वास कोंडतो. मागे तिला उचलून दवाखान्यात धावले होते ते बाबाच.

बाबांनी पेला घेतला, हुंगला. वास लिंबाचाच होता.

“यात काही नसेलही,” ते म्हणाले.

“मग पाज की.”

बाबांनी पेला मोरीत ओतला आणि ट्रकवाल्याला परत जायला सांगितलं.

बॉयलर तापेपर्यंत आत्याने दांडा काही कमरेचा काढला नाही.